चुनखडीचा डोंगर पाणी कुठं ठेवतो?

भूशास्त्र शिकवणाऱ्याच्या पिशवीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली हवीच. मसुरीच्या बंद पडलेल्या खाणींत मी ती आधी बाहेर काढतो. करड्या दगडावर एक थेंब टाकायचा. लगेच फसफसला, तर चुनखडी. दगड गप्प राहिला, पण चाकूनं खरवडलेल्या भुकटीवर बुडबुडे आले, तर डोलोमाइट. इथल्या क्रोल गटाच्या खडकांत दोन्ही सापडतात.

आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मसुरीची चुनखडी त्याहून आठ-नऊ पट जुनी, उथळ समुद्रात साचलेली. काही थरांत नागमोडी पापुद्रे दिसतात. सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांनी गाळ धरून ठेवल्याच्या त्या खुणा.

डोंगराच्या पायथ्याशी, राजपूरच्या बाजूला, मुख्य सीमा भ्रंश आहे. भारतीय भूपट्टा आशियाला रेटतो आहे. त्या रेट्यानं हे पुराणे खडक शिवालिकच्या कितीतरी तरुण वाळूच्या खडकांवर चढून बसले. चढताना त्यांना असंख्य भेगा पडल्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आलेलं पावसाचं पाणी त्या भेगांत शिरतं, चुना विरघळवतं आणि वाटा रुंद करतं. म्हणून डोंगर पावसाळ्यात पाणी मुरवतो आणि पुढं झऱ्यांवाटे सोडतो.

खाणींना हाच दगड हवा होता. साखर, पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांत शुद्ध चुनखडीला मागणी. पण भेगाळलेल्या डोंगराला सुरुंग लावला की दगडाबरोबर वरचा उतारही ढिला होतो. राडारोडा ओढ्यांत उतरला, झरे आटले. १९८३ साली देहरादूनच्या रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्रानं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं. मार्च १९८५ मध्ये अनेक खाणी थांबल्या आणि १९८८ च्या निकालानं दून खोऱ्यातल्या जवळपास सगळ्याच.

प्रादेशिक सेनेच्या इको टास्क फोर्सनं मसुरीच्या उघड्या उतारांवर झाडं लावली. ते मोलाचं काम आहे. तरीही झाड पुन्हा लावता येतं, ट्रकमधून गेलेली चुनखडी पुन्हा तयार होत नाही; आणि इथं चुनखडी म्हणजेच पाण्याचा साठा. आपल्याकडे वणी-चंद्रपूर भागात चुनखडी निघते. तिथला भूगर्भ वेगळा आहे, पण प्रश्न तोच. दगड किती टन, हे विचारण्याआधी त्यात पाणी किती मुरतं आणि ते कुणाच्या विहिरीला जातं, हे मोजून घ्यायला हवं.