विश्लेषण : मधुमेहींचा पाय वाचवणारा पंप कधी उपयोगी?

मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर अनवाणी पायाला कालवाच्या शिंपल्याची धार लागणे नवे नाही. मात्र मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली असेल तर ती कळतच नाही. पू दिसल्यावरच जखम उमगते. अशा खोल, न भरणाऱ्या जखमेसाठी ‘व्हॅक ड्रेसिंग’ सुचवले जाते.

ते काम कसे करते?

जखमेत स्पंज बसवून वर हवाबंद पारदर्शक पट्टी चिकटवतात. नळी पंपाला जोडली की साधारण उणे १२५ मिमी पारा इतक्या दाबाने स्राव ओढला जातो, सूज उतरते, नवे लाल मांस धरू लागते. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलावा लागतो.

‘लॅन्सेट’मधील २००५च्या अमेरिकी चाचणीत पायाचा काही भाग कापलेले १६२ मधुमेही होते. १६ आठवड्यांत पंपाने ५६ टक्के, तर नेहमीच्या ड्रेसिंगने ३९ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. फरक मोठा, पण चमत्कार नव्हे.

कधी लावू नये?

मेलेले काळे मांस आधी कापून काढावेच लागते. पायाचा रक्तपुरवठा तपासलेला हवा. हाडात जंतुसंसर्ग असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास डॉक्टरांना सांगावे.

पंप घरी नेणार असाल तर बॅटरी किती चालते ते विचारा. पावसाळ्यात वीज गेली आणि पंप दोन तासांहून अधिक बंद राहिला, तर स्पंज काढून साधे ड्रेसिंग करावे लागते. ते गावात कोण करील, हे आधीच ठरवून ठेवावे.