जीपचं इंजिन बदललं, ब्रेकचं काय?

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा महामार्ग चौपदरी झाला आणि जुन्या जीपांचं एक दुखणं उघडं पडलं. खड्ड्यांच्या अरुंद रस्त्यावर काटा चाळीस-पन्नासच्या पुढे फारसा सरकायचाच नाही, त्यामुळे ब्रेकची खरी परीक्षा कधी होत नसे. आता तीच गाडी ऐंशीनं पळवावीशी वाटते. मधल्या काळात अनेकींचं मूळ पेट्रोल इंजिन जाऊन तिथं डिझेल बसलं, बॉडी नवी झाली, रंग चढला. पुढच्या चाकांत मात्र जुने ड्रम आणि जुनेच पाटे राहिले.

अमेरिकेतल्या मसल कारचीही हीच कथा आहे. १९६४ ची पाँटियाक जीटीओ ३२५ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन आली, पण चारही चाकांना ड्रम ब्रेक. जग्वारनं त्याच्या अकरा वर्षं आधी, १९५३ मध्ये, डिस्क ब्रेकच्या बळावर ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेली होती. तंत्र हाताशी असूनही पैसा आधी इंजिनावर गेला. मराठवाड्यात त्या जातीच्या गाड्या नाहीत. इथं जिच्यावर जीव जडतो ती महिंद्राची जीप. १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली. पुढे आलेल्या सीजे-३बी ला नऊ इंची ड्रम होते आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जेमतेम दोन मीटर. ही रचना शेतातल्या वाटेसाठी होती आणि त्या कामाला ती उत्तमच होती.

माणसं आणि सामानासह गाडीचं वजन दीड टन धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे २०८ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ८० च्या वेगाला ती ३७० होते. वेग एक तृतीयांशानं वाढला, ऊर्जा मात्र पावणेदोन पटींहून जास्त, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लिटरभर गार पाण्याला उकळी आणायला लागते त्याहून थोडी जास्त उष्णता एका थांबण्यात ड्रममध्ये निर्माण होते. उतारावर हिशेब आणखी कठीण आहे. माहूरसारख्या डोंगराळ भागात शंभर मीटर खाली येताना हीच गाडी १,४७० किलोज्यूल ऊर्जा टाकते. इंजिनाची मदत घेतली नाही, तर ६० च्या वेगातून सलग सात वेळा थांबल्याइतका भार ब्रेकवर येतो. खालच्या गिअरमध्ये उतरा असं जुने ड्रायव्हर का बजावतात, ते या आकड्यांवरून कळेल.

ड्रम ब्रेकमध्ये शू आतून बाहेर ढकलले जातात. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळे तो आणखी घट्ट दाबला जातो आणि पायाला कमी जोर लागतो. पण हीच सोय गरम झाल्यावर उलटते. लायनरचं घर्षण थोडंसं घटलं की ही आपोआप मिळणारी वाढही घटते आणि ब्रेकचा जोर फार झपाट्यानं कोसळतो. त्यात तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो, म्हणजे पेडल आणखी खाली. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते आणि तापल्यावर तिची जाडी पॅडच्या दिशेनंच वाढते.

म्हणून पुढे डिस्क बसवणं योग्यच आहे. पण नुसती डिस्क आणि कॅलिपर आणून जोडणं मला धोक्याचं वाटतं. डिस्कला ड्रमसारखी आपोआप मदत मिळत नाही, म्हणून बूस्टर लागतो. ड्रमसाठी बनलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. जुना मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो: एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन सर्किटचा सिलिंडर मी डिस्कच्याही आधी बसवीन. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला!

आणखी एक कळकळीचं सांगणं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम खोलल्यावर हवेचा पाइप मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ती धूळ सगळ्यात आधी काम करणाऱ्या पोराच्या फुफ्फुसात जाते.

आता पुढच्या सस्पेन्शनकडे, कारण ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी थांबवतो तो टायर, आणि टायर जमिनीला चिकटून राहिला तरच. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. दीड टनाच्या या आखूड गाडीत, गुरुत्वमध्य पाऊण मीटरच्या आसपास उंच धरला तर, मागच्या चाकांवरचा सुमारे ३०० किलो भार पुढे सरकतो. मागची चाकं हलकी होतात आणि आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. मागच्या लाइनचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह यासाठीच असतो.

त्यातच इथली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता नीट बांधला नसेल तर लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर पाटे एकदा दबले की उसळत राहतात. ती उसळी शॉकअपमधल्या तेलात जिरली नाही तर चाक क्षणभर हवेत राहतं आणि त्या क्षणी ब्रेकला काहीच अर्थ नसतो. पुढचा ॲक्सल एकसंध असल्यानं एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलतं. ब्रेकच्या पिळानं पाटे मुरडतात आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. डिस्कनं हा पीळ वाढतोच.

महिंद्रानं स्वतः २०१० च्या थार सीआरडीईमध्ये पुढे डिस्क आणि टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, मागे पाटेच ठेवले. ते पाहून जुन्या चेसिसला वेल्डिंग करून तसला सांगाडा जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्या चेसिसची ताकद पाट्यांच्या जागांवर धरलेली आहे. किंगपिनचे बेअरिंग, टायरॉड एंड, शॅकलचे बुश नवे करा, थकलेले पाटे बदला, चांगले शॉकअप लावा. खर्च कमी आणि फरक पहिल्याच वळणावर कळतो.

गाडी एमएच-२४ असो की एमएच-२६, काम काढण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केलं. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर ती मूळ रूपात असणं महत्त्वाचं ठरतं.

बदल झाल्यावर लगेच महामार्गावर जाऊ नका. रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत वेग हळूहळू उतरवा, गाडी थोडी चालवून डिस्क गार होऊ द्या, पुन्हा तसंच करा. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. गाडी एका बाजूला ओढते का पाहा, मग सगळे नट आणि ब्रेक पाइपचे सांधे पुन्हा तपासा.