जोखमीची गर्भावस्था आणि रुग्णशिक्षण

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले. दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर मातांची तपासणी करणे आणि जोखीम आढळल्यास माता व बाल संरक्षण कार्डावर लाल खूण करणे, अशी पद्धत या अभियानाने घालून दिली. उच्च रक्तदाब, मधुमेह, तीव्र रक्तक्षय, जुळी बाळे, पूर्वीचे सिझेरियन ही या खुणेची नेहमीची कारणे होत. खूण करण्यास क्षणभरही लागत नाही. तिचा अर्थ मातेच्या घरी पोहोचविणे हे मात्र कष्टाचे काम आहे, आणि रुग्णशिक्षण म्हणतात ते हेच.

रक्तदाबाचेच उदाहरण घेऊ. तो १४०/९० वा त्याहून अधिक झाला तरी मातेस पुष्कळदा काहीच जाणवत नाही. साहजिकच ‘बरे वाटते आहे, मग गोळी कशाला?’ असा प्रश्न उभा राहतो. गोळी बाळाला बाधेल ही भीती असतेच. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, वरच्या पोटात दुखणे ही धोक्याची लक्षणे आहेत. त्यांतील शेवटचे लक्षण फार फसवे. घरोघरी ते पित्त समजून ओवा किंवा सोडा देऊन दडपले जाते, आणि झटके आल्यावर धावपळ सुरू होते. म्हणून समुपदेशनात आजाराचे नाव सांगून थांबणे पुरेसे नाही. कोणत्या लक्षणावर पुढील तारखेची वाट न पाहता, रात्रीसुद्धा, निघावयाचे हे मातेकडून वदवून घ्यावे लागते.

पण निघण्याचा निर्णय तिच्या एकटीच्या हाती असतो काय? थॅडियस व मेन या संशोधकांनी १९९४ साली माता-मृत्यूमागील तीन विलंब मांडले : निर्णयाचा, पोहोचण्याचा आणि उपचार मिळण्याचा. पहिला विलंब घरातच होतो. सबब सासूबाई व पती यांना समुपदेशनास बोलाविणे हा उपचाराचाच भाग मानावयास हवा. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या ‘आरमान’ संस्थेने २०१४ मध्ये मुंबईत ‘एममित्र’ हा उपक्रम सुरू केला. त्यात मातेने निवडलेल्या वेळी तिच्या भाषेत ध्वनिसंदेश देण्याची व्यवस्था होती. वेळ विचारून घेणे ही बारीक बाब वाटेल. परंतु ज्या घरी एकच फोन आणि तोही पतीबरोबर कामावर जातो, तेथे तीच महत्त्वाची ठरते.

उपनगरांतील आणखी एक अडचण म्हणजे माहेरचे बाळंतपण. मुलुंड असो वा बोरिवली, सातव्या-आठव्या महिन्यात लेक कोकणात, साताऱ्याकडे किंवा उत्तर प्रदेशात जाते आणि तिची फाईल येथील कपाटात राहते. तेथील डॉक्टरांपुढे ती कोरी पाटी घेऊन उभी राहते. या प्रथेस नावे ठेवण्यात अर्थ नाही. पहिलटकरणीस आईजवळ जावेसे वाटणारच. मात्र प्रवासास डॉक्टरांची संमती हवी. कार्ड, रक्तगट, सोनोग्राफीचा अहवाल, चालू गोळ्यांची नावे व मात्रा, मागील रक्तदाबाची नोंद ही सर्व कागदपत्रे तिच्या पिशवीत हवीत. सिझेरियनची आणि रक्ताची सोय असलेले तेथील सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी निघण्यापूर्वी झाली पाहिजे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते, हेही माहेरच्या मंडळींना सांगावे.

प्रसूती झाली की धोका टळला, हा समजही दूर करावयाचा आहे. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. म्हणून घरी सोडताना तीच लक्षणे पुन्हा सांगावी लागतात.

मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे हिशेबाकडे लक्ष जाते. समुपदेशिकेचे मानधन आणि झेरॉक्सचा खर्च जमाखर्चात दिसतो. टळलेला झटका कोणत्याच रकान्यात बसत नाही. तरीही विश्वस्त मंडळाने ‘रुग्णशिक्षण’ हे खर्चाचे स्वतंत्र शीर्ष ठेवावे आणि माहेरी जाणाऱ्या प्रत्येक मातेस कागदपत्रांचा संच विनामूल्य द्यावा, अशी माझी विनंती आहे.