२५६ घरांचा खेकडा

दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेला मोर तुम्ही पाहिला असेल. कापडाच्या जाळीतील एकेक घर मोजून टाका घालायचा, त्यामुळे मोराची गोल मानही पायऱ्यापायऱ्यांनीच वळवावी लागते. संगणकाच्या पडद्यावरील चित्रही असेच घराघरांचे बनलेले असते. अशा प्रत्येक घराला पिक्सेल म्हणतात. नेहमीच्या छायाचित्रात लक्षावधी घरे असतात, म्हणून ती वेगवेगळी दिसत नाहीत. पिक्सेलचित्रात मात्र घरे मुद्दामच थोडी घेतात आणि प्रत्येक घर विचारपूर्वक रंगवतात.

अशा चित्रांच्या स्पर्धा आता इंटरनेटवर भरतात. समजा, एका स्पर्धेचा विषय आहे ‘समुद्रातील प्राणी’. जाळी १६ × १६ घरांची, म्हणजे एकूण घरे २५६. आणि पार्श्वभूमी धरून रंग फक्त चार. यात आपण खेकडा काढू या.

हा विषय नवा नाही. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा पडद्यावरचा खेळ तयार केला. त्यातील परग्रहावरचे शत्रू त्यांनी माकूल, खेकडा आणि ऑक्टोपस यांच्या आकारांवरून काढले. माकूल ८ × ८ घरांत बसवला होता. खेकड्याला ११ × ८ आणि ऑक्टोपसला १२ × ८ घरे मिळाली होती. इतक्या थोड्या घरांत प्राणी ओळखू येतो तो कशामुळे?

खेकड्याची लक्षणे आठवा. त्याचे कवच लांबीपेक्षा रुंद असते. डोळे देठांवर असतात. पायांच्या पाच जोड्या असतात. पहिल्या जोडीच्या नांग्या झालेल्या असतात आणि उरलेल्या चार जोड्या चालण्यासाठी असतात. म्हणजे एका बाजूला चालण्याचे पाय चार. अडचण येते ती इथेच. दोन पाय वेगळे दिसायचे तर त्यांच्यामध्ये निदान एक घर रिकामे हवे. चार पाय आणि मधल्या तीन फटी मिळून सात ओळी लागतात. सगळे पाय बाजूनेच काढले, तर अंगही सात ओळी उंच होते आणि खेकड्याचा रुंद घाट बिघडतो. दोन पाय गाळले, तर घाट साधतो, पण प्राणी खोटा ठरतो.

यावर उपाय असा. दोन पाय बाजूने काढा आणि दोन खालून. आलेख कागदावर १६ × १६ घरे आखा. ओळी वरून आणि स्तंभ डावीकडून मोजा. सध्या डावीकडचे आठ स्तंभच भरू. अंगासाठी ७ ते ११ या ओळींत स्तंभ ४ ते ८ भरा. बाजूचे पाय ८ व्या आणि १० व्या ओळीत, स्तंभ २ आणि ३ मध्ये. खालचे पाय १२ व्या आणि १३ व्या ओळीत, स्तंभ ४ आणि ६ मध्ये. नांगीसाठी ओळ ३ आणि ४ मध्ये स्तंभ २ व ४, ओळ ५ मध्ये २, ३, ४ आणि ओळ ६ मध्ये ३. डोळा स्तंभ ७ मध्ये: ओळ ६ मध्ये देठ, ओळ ५ मध्ये बुबुळ. आता हेच आरशातल्याप्रमाणे उजवीकडे उतरवा. अंग दहा घरे रुंद आणि पाच घरे उंच झाले, शिवाय दहाही पाय जागेवर आले!

खाडीतल्या चिंबोरीच्या शेवटच्या पायांची टोके वल्ह्यासारखी चपटी असतात. १३ व्या ओळीतील स्तंभ ७ आणि त्याच्या समोरचा स्तंभ १० भरा. दोन घरांत साध्या खेकड्याची चिंबोरी होईल. आरशाची युक्ती मात्र सगळीकडे चालत नाही. फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी दुसरीपेक्षा खूपच मोठी असते. त्याचे दोन सारखे अर्धे काढले, तर तो नर राहणार नाही.

हे चित्र साठवायला जागा किती लागते? चार रंगांना ००, ०१, १० आणि ११ असे क्रमांक देता येतात, म्हणून एका घराला दोन बिट पुरतात. २५६ घरांचे ५१२ बिट, म्हणजे ६४ बाइट झाले. रंगांची यादी आणि फाइलची इतर माहिती यात धरलेली नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ६४ बाइटांत २१ चिन्हे, जेमतेम एक लहानसे वाक्य मावते!

चित्र पाठवताना दोन गोष्टी सांभाळा. मोठे करायचे तर पूर्णांकाच्या पटीत करा. २० पट केल्यास १६ ची ३२० घरे होतात. त्या वेळी प्रत्येक घराची जशीच्या तशी नक्कल करणारी पद्धत निवडा. इतर पद्धती शेजारच्या रंगांची सरासरी काढतात. त्यामुळे कडा पुसट होतात आणि चार रंगांच्या चित्रात नको ते मधले रंग शिरतात. नियम तिथेच मोडतो. दुसरे, फाइल पीएनजी स्वरूपात ठेवा. जेपीईजी स्वरूपात जागा वाचवण्यासाठी बारीक तपशील टाकून देतात, त्यामुळे ठळक कडांभोवती डाग पडतात.

शेवटची परीक्षा सोपी आहे. चित्र आठ-दहा हातांवर ठेवा आणि ज्याला विषय माहीत नाही अशा मित्राला विचारा, “हे काय आहे?” तो ‘कोळी’ म्हणाला, तर आणखी घरे मागू नका. एखादा खरा खेकडा पुन्हा नीट पाहा आणि आहेत त्याच घरांची मांडणी बदला.