अठरा दिवस पुरणार नाहीत

जुलै १९९८ मध्ये अमेरिकेत ‘आर्मागेडन’ नावाचा सिनेमा झळकला आणि त्या वर्षी जगभरात सर्वांत जास्त गल्ला त्यानंच जमवला. पुढे टीव्हीवर तो इतक्यांदा लागला, की आपल्यापैकी अनेकांनी तुकड्या-तुकड्यांनी का होईना, तो पाहिला असेलच. गोष्ट सोपी आहे. टेक्सास राज्याएवढा एक लघुग्रह पृथ्वीच्या रोखानं निघालाय आणि हातात दिवस आहेत फक्त अठरा. मग समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या हॅरी स्टँपर नावाच्या रांगड्या माणसाला, म्हणजे ब्रूस विलिसला, ‘नासा’ बोलावणं धाडते. त्यानं आपली टोळी घेऊन लघुग्रहावर उतरायचं, आठशे फूट खोल भोक पाडायचं, त्यात अणुबाँब ठेवायचा आणि लघुग्रहाचे दोन तुकडे करायचे. एक तुकडा पृथ्वीच्या या बाजूनं जाईल, दुसरा त्या बाजूनं, अशी योजना.

मला हा सिनेमा आवडतो, हे आधीच कबूल करून टाकतो. रशियन अंतराळ स्थानकावरचा तो केसाळ टोपीवाला लेव हट्टाला पेटलेल्या यंत्रावर पाना हाणतो आणि यंत्र सुरू होतं, तेव्हा मला घाटात बंद पडलेली एसटी आणि तिचा ड्रायव्हर आठवतो. सिनेमातल्याच बेन ॲफ्लेकनं दिग्दर्शक मायकेल बे यांना विचारलं होतं, की खोदकाम करणाऱ्यांना अंतराळवीर बनवण्यापेक्षा अंतराळवीरांनाच खोदकाम शिकवणं सोपं नाही का? त्यावर आपल्याला गप्प बसवण्यात आलं, असं त्यानंच पुढे हसत हसत सांगितलं. करमणुकीच्या सिनेमाला असले प्रश्न विचारायचे नसतात, हे खरं.

पण आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मुलं हमखास विचारतात, ‘असं खरंच झालं तर?’ या प्रश्नाला मात्र हसून चालत नाही.

आधी आकार घेऊ. टेक्सास आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सर्वांत मोठी वस्तू सेरेस. तिचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आणि ती सापडली १८०१ साली, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या दुर्बिणीतून. एवढं धूड पृथ्वीकडे येत असेल, तर ते अठरा दिवस आधी नव्हे, कितीतरी वर्षं आधी दिसेल. आणि आठशे फूट म्हणजे जेमतेम अडीचशे मीटर. हजार किलोमीटरच्या गोळ्यात अडीचशे मीटरचं भोक, म्हणजे कलिंगडाच्या सालीवर सुईनं काढलेला ओरखडा. त्यात कितीही मोठा बाँब ठेवला, तरी कलिंगड दुभंगणार नाही.

मग खरा धोका कशाचा? तो लहान वस्तूंचा आहे. लोणारला जाऊन आलेल्यांनी तो पायाखाली पाहिलाच आहे. बुलडाणा जिल्ह्यातलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, तेही काळ्या बसाल्टच्या कातळात. ते पाडणारी वस्तू मात्र विवराच्या मानानं लहानशीच असणार. साधारणपणे विवराच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढी. जागेवरून टेकडी उचलली, तर तिच्यातही ती हरवून जाईल. पण सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येणाऱ्या दगडाच्या अंगात जी ऊर्जा असते, तिच्यापुढे कातळाचं काही चालत नाही.

१५ फेब्रुवारी २०१३ ची सकाळ. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर जेमतेम वीस मीटरचा दगड आला आणि जमिनीपासून बराच वर, हवेतच फुटला. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले आणि तेवढ्यात दाबाची लाट येऊन काचा फुटल्या. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक काचांमुळे. प्रकाश आधी पोचतो, लाट नंतर, हे विजेच्या कडकडाटावरून आपल्याला ठाऊक असतं, पण ऐन वेळी कोणाला आठवणार? या दगडाची आगाऊ सूचना कोणालाही मिळाली नव्हती. तो सूर्याच्या दिशेनं आला होता आणि त्या बाजूला जमिनीवरच्या दुर्बिणी पाहू शकत नाहीत.

म्हणजे मुद्दा शौर्याचा कमी आणि पाहण्याचा जास्त आहे. १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे गुरूवर एकामागून एक आदळले आणि त्यांनी पृथ्वीएवढाले डाग पाडले, तेव्हा पुष्कळांचे डोळे उघडले. ‘आर्मागेडन’ आला त्याच १९९८ साली ‘नासा’नं एक किलोमीटरहून मोठे आणि पृथ्वीजवळ येणारे लघुग्रह शोधण्याचं काम रीतसर अंगावर घेतलं. त्यांतले बहुतेक आता सापडले आहेत. १४० मीटरच्या वरचे, म्हणजे एखादा प्रदेश उद्ध्वस्त करू शकतील असे, निम्म्याहून अधिक मात्र अजून सापडायचे आहेत.

सापडला, तर करायचं काय? इथे खरं शास्त्र सिनेमापेक्षा साधं आहे आणि मला तरी अधिक सुंदर वाटतं. फोडायचं नाही, ढकलायचं. तेही किती? समजा, टक्कर दहा वर्षांनी व्हायची आहे. आज त्या दगडाच्या वेगात सेकंदाला फक्त दोन सेंटिमीटरचा फरक पाडला, म्हणजे मुंगीच्या चालीएवढा, तर साध्या गुणाकारानं दहा वर्षांत तो सहा हजार किलोमीटरहून अधिक हुकतो. ही जवळजवळ पृथ्वीची त्रिज्या झाली. कक्षेचं प्रत्यक्ष गणित याहून गुंतागुंतीचं असतं, पण मर्म हेच. उलट अठरा दिवसच उरले असतील, तर तेवढ्याच धक्क्यानं तो तीस-एकतीस किलोमीटर सरकेल, म्हणजे दादरला पडायचा तो ठाण्यात पडेल.

हे करून पाहिलं गेलं आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये निघालेलं ‘डार्ट’ नावाचं यान आपल्याकडच्या वेळेनुसार २७ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. अंतर सुमारे १.१ कोटी किलोमीटर, वेग सेकंदाला सहा किलोमीटर, यानाचं वजन सहाशे किलोच्या आत. डायमॉर्फस आपल्याहून मोठ्या डिडिमॉसभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरे. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात फरक पडला सुमारे ३२ मिनिटांचा! धडकेनं जे दगडधोंडे उलट दिशेला उडाले, त्यांच्या रेट्यानं धक्का कितीतरी वाढला. या दोघांपैकी कोणापासूनही पृथ्वीला धोका नव्हता. ती फक्त रंगीत तालीम होती. झालेल्या परिणामाची जवळून पाहणी करायला युरोपचं ‘हेरा’ यान २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निघालं.

दिवंगत डॉ. जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना हा विषय ‘आर्मागेडन’च्या कितीतरी आधीपासून परिचित असेल. त्या कथेत वैज्ञानिक बाँब घेऊन निघतात तो धूमकेतूला वाट बदलायला लावण्यासाठी, आणि इकडे घरात यज्ञ चाललेला असतो. हॉलिवूडला सुचलं नाही, ते नारळीकरांना आपल्या घरात दिसलं.

आणि ज्यांना असा लघुग्रह जवळून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी तारीख सांगून ठेवतो. १३ एप्रिल २०२९, शुक्रवार. तीनशे मीटरहून मोठा अपोफिस पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे आपले दूरचित्रवाणीचे उपग्रह ज्या उंचीवर असतात त्याच्याही आतून, जाणार आहे. २००४ साली तो सापडला, तेव्हा काही दिवस टकरीची शक्यता वर्तवली गेली होती. नंतरच्या निरीक्षणांनी ती पुसून टाकली. युरोप आणि आफ्रिकेतून तो साध्या डोळ्यांनी सरकताना दिसेल. तो सर्वांत जवळ येईल, तेव्हा आपल्याकडे १४ तारखेचे पहाटेचे सव्वातीन वाजले असतील.