एक वाव आणि एक हात

वल्हें म्हटलें कीं रुंद पात्याची आकृति डोळ्यांपुढें उभी राहते. पाणी जितकें अधिक रेटावें तितकी होडी अधिक धांवेल, हा हिशेब कोणासही पटण्यासारखा आहे. कयाक नांवाच्या अरुंद होडीचीं आजचीं वल्हीं याच हिशेबानें केलेलीं असतात: कांचतंतूंचीं अगर कार्बनचीं, चमच्यासारख्या खोलगट पात्यांचीं. परंतु ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांचें वल्हें पाहिलें, तर तें एखाद्या फळकुटासारखें दिसतें. पातें जेमतेम ३ ते साडेतीन इंच रुंद, लांबी मात्र सुमारें ७ फूट. अशा काठीनें समुद्र कसा कापला जावा, असें नवख्यास वाटल्यास नवल नाहीं.

याचें माप मोठें गमतीचें आहे. आपल्याकडील जुन्या मापांत सांगावयाचें तर एक वाव आणि वर एक हात. म्हणजे दोन्ही बाहु पसरून होणारें अंतर, अधिक कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी. पातें मुठींत मावेल इतकेंच रुंद. अंगरख्याप्रमाणें वल्हेंही धन्याच्या अंगावर बेतलेलें! लांकूड मात्र परक्या देशाचें. ग्रीनलंडांत मोठे वृक्ष जवळजवळ नाहींत. सैबीरियाच्या नद्यांनीं समुद्रांत लोटलेलीं झाडें बर्फाबरोबर वाहत वाहत तेथील किनाऱ्यास लागत, तीं तासून वल्हीं होत. कडा झिजूं नयेत म्हणून त्यांस हाडाची अगर वॉलरसच्या सुळ्याची पट्टी बसवीत.

आधुनिक वल्हें टाकून हें हातीं घेणाऱ्याची पहिली घटका बहुधा निराशेची जाते. जुन्या सवयीनें तो पातें ओढीच्या दिशेशीं अगदीं काटकोनांत धरून जोरानें ओढतो. तेव्हां दोन्ही कडांवरून आळीपाळीनें भोंवरे सुटतात व वल्हें हातांत लटपटूं लागतें. उपाय एवढाच कीं पात्याची वरची कड होडीच्या नाळेकडे किंचित् कलती ठेवावी. मग पातें पक्ष्याच्या पंखाप्रमाणें काम करतें आणि लटपट थांबते. पातें पूर्ण बुडालें पाहिजे, हात छातीखालीं राहिले पाहिजेत, व जोर दंडांतून नव्हे तर कमरेच्या पिळांतून आला पाहिजे. पुष्कळजण येथेंच कंटाळून जुन्या वल्ह्याकडे वळतात, तें घाईचें होय.

पातें अरुंद पण लांब असल्यानें त्याचें क्षेत्रफळ दिसतें तितकें थोडें नसतें, आणि भार हळूहळू येत असल्यामुळें दिवसभराच्या प्रवासांत खांदे व मनगटें कमी शिणतात, असा बहुतेकांचा अनुभव आहे. रुंद पातीं वाऱ्यांत अडतात म्हणून तीं एकमेकांशीं कोन करून बसविण्याची व प्रत्येक फटक्यास मनगट फिरविण्याची चाल पडली. इनुइटांच्या वल्ह्यास ती यातायात नाहीं. शिवाय तें आवाज न करतां पाण्यांत शिरतें, आणि सीलच्या मागावर असणाऱ्यास याहून मोठा गुण कोणता?

खरी कसोटी मात्र होडी उलटल्यावर. कयाकमध्यें माणूस कमरेपर्यंत बंद असतो. उलटली कीं डोकें खालीं, आणि पाणी बर्फाइतकें थंड. तेथें पोहून जीव वाचण्याची आशा नसे. शिकारी वल्ह्याच्या एका टोकाकडे हात सरकवून दुसरें टोक दूर पसरीत, व लांकडाच्या तरंगण्याचा आधार घेऊन कमरेच्या हिसक्यानें होडी सुलटी करीत. ही विद्या १९३०–३१ च्या ब्रिटिश मोहिमेचा तरुण नायक जिनो वॉटकिन्स यानें ग्रीनलंडांत शिकून घेतली. पुढें १९३२ सालीं तो तेथेंच एकटा शिकारीस गेला असतां त्याची रिकामी होडी पाण्यावर आढळली. प्रेत सांपडलेंच नाहीं.

मोटरबोटी आल्या तशी शिकारीस कयाक नेण्याची गरज सरत गेली, आणि खुद्द ग्रीनलंडांत ही कला लोप पावण्याच्या पंथास लागली. तेव्हां १९८५ सालीं तेथील लोकांनीं ‘काअन्नात कात्तुफिआत’ ही संस्था काढली. तिच्या स्पर्धांत उलटून सुलटें होण्याचे अनेक प्रकार पाहावयास मिळतात.

हें वल्हें सर्वत्र श्रेष्ठ, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. उथळ पाण्यांत अगर खडकाळ नदीच्या फेसाळ धारेंत, जेथें एका फटक्यांत होडी वळवावयाची, तेथें रुंद पातेंच बरें. हातांवर पाणीही अधिक ओघळतें, हें थंड देशांत लहान दुखणें नव्हे. म्हणून कित्येकजण दोन्ही बाळगतात: एक हातांत, आणि दुसरें होडीच्या पाठीवर दोरीखालीं अडकविलेलें.