आराम केला तरी उडी मारणाऱ्यांचा गुडघा का दुखतो?

छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या ‘साई’ (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात, कुठल्याही मैदानावर उड्या मारणाऱ्या खेळाडूचा गुडघा दुखू लागला की सल्ले ठरलेले असतात. पंधरा दिवस आराम कर, बर्फ लाव, सूज उतरायची गोळी घे. ‘गादी घासली असेल’ असंही कुणीतरी सांगून जातं. पण वाटीच्या अगदी खालच्या टोकाशी, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, उडी मारताना वाढत असेल आणि बसल्यावर थांबत असेल, तर ते सहसा गादीचं दुखणं नसतं. मांडीच्या स्नायूचा जोर वाटीमार्गे नडगीच्या हाडाला पोचवणारा जाड पट्टा, म्हणजे टेंडन, तिथे कुरकुरत असतो. १९७३ साली ब्लाझिना आणि सहकाऱ्यांनी याला ‘जंपर्स नी’ असं नाव दिलं. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे ३२ टक्के जणांना ते होतं.

यातला सगळ्यात चिवट गैरसमज आरामाचा. आराम केला की बरं वाटतं, हे खरंच आहे, आणि म्हणूनच तो गैरसमज टिकून आहे. भार काढला की दुखणं थांबतं. पण टेंडन भारामुळेच मजबूत होतो आणि भार नसला की त्याची ताकद घटते. म्हणून पंधरा दिवसांनी परतलेला खेळाडू आधीपेक्षा कमकुवत टेंडन घेऊन तितक्याच उड्या मारतो आणि दोन दिवसांत पुन्हा खाली बसतो. गोळीचंही तसंच. जुनाट दुखण्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते विस्कटलेले तंतू. सुजेच्या पेशी फारशा नसतात. काही नव्या अभ्यासांत त्या थोड्या सापडल्या आहेत हे मान्य. पण गोळीने तंतूंची घडी बसत नाही. डेन्मार्कमधल्या २००९ च्या प्रयोगात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांना तीन महिन्यांत चांगला आराम पडला, सहा महिन्यांत मात्र ते मागे पडले. जड वजन संथपणे उचलणाऱ्यांचा फायदा टिकला.

इथे आक्षेप येतोच: दुखतंय तिथेच वजन द्यायचं? तुटलं तर? उडीत टेंडनवर ताण क्षणात येतो, तर लेग प्रेसवर किंवा स्क्वॉटमध्ये वजन तीन-चार सेकंद घेत खाली-वर केलं की तो हळूहळू चढतो. दोन्हींत हा फरक फार मोठा आहे. सोसवेल इतकं, दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसलं म्हणजे मात्रा बरोबर. नेदरलँड्समध्ये ७६ खेळाडूंवर झालेल्या चाचणीत असा पायरीपायरीने वाढवलेला व्यायाम, मुद्दाम दुखवून करायच्या जुन्या व्यायामापेक्षा सरस ठरला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ऐन हंगामात व्हॉलीबॉलपटूंना व्यायाम देऊन पाहिला, तेव्हा काहीच फरक पडला नाही, असं २००५ च्या नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं. पण ते खेळाडू सामने आणि सराव तसाच चालू ठेवून होते. व्यायाम आरामाची जागा घेतो. उड्यांच्या हिशेबाची नाही. आपल्याकडे तर परीक्षेमुळे मार्चपर्यंत मैदान सुटतं आणि एप्रिल-मेच्या शिबिरात सकाळ-संध्याकाळ उड्या सुरू होतात. टेंडनला एवढी घाई झेपत नाही.

दोष जमिनीला देणंही सोपं असतं. कठीण कोर्टावरचं पडणं त्रास वाढवतं यात शंका नाही. पण उंच उडीचा खेळाडू जाड गादीवर, तेही पाठीवर पडतो. नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेने २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा क्रमांक मिळवला. अशा उडीत गुडघ्यावरचा मोठा भार उसळी घेतानाच्या एका पावलावर येतो, पडताना नाही. सोनोग्राफीत टेंडनवर दिसणारा काळा डागही लगेच मनावर घेऊ नये. काहीच न दुखणाऱ्या खेळाडूंतही तो सापडतो. शस्त्रक्रियेचीही घाई नको: तिची तुलना व्यायामाशी केली तेव्हा वर्षभराने दोन्ही गट सारखेच होते.

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत वाटीखाली बऱ्याच अंतरावर, नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा आला तर ते वाढत्या हाडाचं वेगळं दुखणं असतं. गुडघा अडकणं, आत पाणी होणं किंवा रात्री झोप मोडणारी वेदना असेल तर व्यायामाआधी डॉक्टरकडेच जावं.

मुदतीबद्दल मात्र कुणी फसवू नये. त्या डच चाचणीत सहा महिन्यांनीसुद्धा पूर्वीच्या पातळीवर खेळायला लागलेले निम्म्याहून कमी होते. महिन्याभरावर निवड चाचणी असलेल्या पोराला ‘तोवर बरा होशील’ असं सांगणाऱ्या प्रशिक्षकाने आधी त्याच्या आठवड्याच्या उड्या मोजाव्यात.